मादी वाणाचे पेशीद्रव्य कुठून आले?

बीजोत्पादनाचे करार करताना नर आणि मादी वाणांवर आपल्याकडे तासन्‌तास बोलणे होते. फुलोरा किती दिवसांनी येतो, नराच्या ओळी किती आधी टाकायच्या, दाणा कसा भरतो, खोडमाशीला बळी पडतो का, निजामाबादकडे प्लॉट दिला तर देखरेख कोणाची. मादी वाणाचे पेशीद्रव्य मूळ कोणत्या झाडाचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. ज्वारी म्हटली की मिलो, भात म्हटला की डब्ल्यूए, सूर्यफूल म्हटले की पेट-१, हे इतके अंगवळणी पडले आहे की वंशावळीच्या कागदावर त्यासाठी बऱ्याचदा रकानाही नसतो. पण ज्या नरवंध्यत्वावर या पिकांचे संकरित बियाणे उभे आहे, त्याचे मूळ केंद्रकात नाहीच. ते पेशीद्रव्यातल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकांत आहे. म्हणून या महिन्यात पैदासकारांशी आणि प्लॉट सांभाळणाऱ्या मंडळींशी तंतुकणिकांबद्दल थोडे सविस्तर बोलायचे आहे.

‘पेशीचे ऊर्जाघर’ एवढे एक वाक्य परीक्षेत लिहून आपण सगळ्यांनीच हा विषय संपवला होता. त्या घरात चालते काय? साखरेचे तुकडे आधी पेशीद्रव्यातच पायरुवेटपर्यंत होतात. ते तंतुकणिकेत शिरले की क्रेब्ज चक्रात त्यांतला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि हाती उरतात ते ऊर्जा घेऊन आलेले इलेक्ट्रॉन. तंतुकणिकेला दोन पडदे असतात. आतल्या घड्याघड्यांच्या पडद्यात प्रथिनांचे मोठे संच बसवलेले असतात. इलेक्ट्रॉन एका संचाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. या वाटचालीत जी ऊर्जा सुटते तिच्या जोरावर प्रोटॉन आतल्या पडद्याच्या बाहेर ढकलले जातात. कोयनेचे पाणी जसे भिंतीमागे तुंबते आणि जनित्रातूनच वाट मिळते, तसे या प्रोटॉनना परत येण्याचा मुख्य रस्ता एटीपी सिंथेज या प्रथिनातून असतो. ते प्रथिन खरोखर फिरते. त्याच्या एका फेरीत एटीपीचे तीन रेणू तयार होतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांनी ती मनावर घेतली नाही. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळाले. पुढच्या सगळ्या चर्चेसाठी यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची: सगळा खेळ आतला पडदा शाबूत राहण्यावर आहे. त्याला गळती लागली की श्वसन चालूच राहते, साखर जळत राहते, पण एटीपी बनत नाही.

तंतुकणिकेचे पूर्वज स्वतंत्र जीवाणू होते, आणि त्या काळातला डीएनए तिने थोडासा जपून ठेवला आहे. माणसात तो जेमतेम १६,५६९ अक्षरांचा आणि अतिशय आटोपशीर असतो. वनस्पतींचा कारभार वेगळा. मक्यात हाच डीएनए सुमारे पाच लाख सत्तर हजार अक्षरांचा आहे, आणि तो तुटतो, जुळतो, भलतेच तुकडे एकमेकांना चिकटतात. अशा जोडकामातून एखादे नवेच जनुक उभे राहते, आणि नरवंध्यत्व देणारी जी जनुके आजवर हाती लागली त्यांतली बहुतेक अशीच आहेत. तंतुकणिकेला लागणारी बाकीची प्रथिने, म्हणजे फार मोठा हिस्सा, केंद्रकाच्या जनुकांवरून बनून आत येतो. तेव्हा केंद्रक आणि तंतुकणिका यांचे जमलेले असावे लागते. १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचे केंद्रक आणले आणि हे जमणे मोडले. कणसे आली, स्त्रीकेसर उत्तम, पराग नाही. त्यातूनच सीके-६०ए उभी राहिली आणि १९६४ मध्ये आपल्या देशात सीएसएच-१ आला.

पण बिघाड झाडभर असताना फटका परागालाच का? पान वाढते, मूळ वाढते, बीजांड तयार होते, सगळे व्यवस्थित. परागकोशाच्या आतल्या अस्तराकडे, टॅपेटमकडे, पाहिले की याचा उलगडा होतो. वॉर्मके आणि ली यांनी १९७८ मध्ये मक्यात दाखवले की पराग घडत असताना टॅपेटमच्या आणि परागमातृ पेशींमधल्या तंतुकणिकांची संख्या वीस ते चाळीस पटींनी वाढते. झाडाच्या आयुष्यात ऊर्जेची एवढी ओढ क्वचितच लागत असेल. इतरत्र खपून जाणारी उणीव इथे उघडी पडते. पेट-१ सूर्यफुलात तर टॅपेटमच्या तंतुकणिका सायटोक्रोम-सी बाहेर सोडतात आणि ती पेशी ठरलेल्या वेळेआधीच स्वतःला संपवते. डब्ल्यूए भातात तंतुकणिकेच्या जनुकावरून बनलेले एक प्रथिन केंद्रकाकडून आलेल्या कॉक्स-११ या प्रथिनाला टॅपेटममध्ये अडकवून ठेवते, आणि परिणाम तोच. वाटा वेगळ्या, जागा एकच.

याला एक कोरडे उत्क्रांतीचे गणितही आहे. आपल्या या पिकांत तंतुकणिका पुढच्या पिढीत जातात त्या बीजांडातून. परागातून पोचल्याच तर अपवादाने. त्यामुळे परागाचे नुकसान करणारा बदल तंतुकणिकेच्या दृष्टीने फुकटचा असतो, बी थोडे जास्त भरले तर उलट फायद्याचाच. केंद्रकाला मात्र पराग हवा असतो, म्हणून त्याच्या बाजूने रिस्टोरर जनुके येतात. बहुतेक रिस्टोरर जनुके ज्या प्रथिनांची आहेत ती तंतुकणिकेत जाऊन त्या नव्या जनुकाच्या आरएनएला पकडतात, छाटतात, निकामी करतात. आपण ज्याला आर वाण म्हणतो तो या जुन्या भांडणातला एक पक्ष आहे. आपण दोन्ही पक्षांच्या मधे उभे राहून बियाणे विकतो!

टेक्सासच्या मक्याची गोष्ट आपल्या क्षेत्रात सगळ्यांनी ऐकलेली असते, पण बहुधा अर्धीच. टेक्सासमध्ये सापडलेले टी-पेशीद्रव्य वापरले की तुरे खुडायला माणसे लावावी लागत नसत. कंपन्यांना हे इतके सोयीचे वाटले की १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के मक्यात हेच पेशीद्रव्य होते. केंद्रके नाना तऱ्हेची, तंतुकणिका मात्र एका घराण्याच्या. त्या वर्षी पानावरच्या करप्याची एक नवी जात फ्लोरिडातून उत्तरेकडे चढत गेली आणि देशाच्या पिकाचा साधारण १५ टक्के हिस्सा गेला. टी-पेशीद्रव्य या करप्याला लवकर बळी पडते, असे फिलिपिन्समधून १९६१ मध्येच छापून आले होते. ते मनावर घेतले गेले नाही.

उरलेली अर्धी गोष्ट पुढच्या वीस वर्षांत उलगडली. टी-पेशीद्रव्यात तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे जुळून टी-यूआरएफ-१३ हे जनुक झाले आहे. त्याचे प्रथिन आतल्या पडद्यात जाऊन बसते. पानात ते गप्प असते. करप्याच्या बुरशीचे विष त्याला चिकटले की त्याच प्रथिनाचे पडद्यात छिद्र होते, प्रोटॉन गळून जातात आणि पेशी मरते. मेथोमिल हे कीटकनाशकही याच प्रथिनाला धरून तसेच करते. म्हणजे ज्याने वंध्यत्व दिले त्यानेच रोग आत घेतला. एक ठेवून दुसरे काढून टाकायची सोय नव्हती. रिस्टोरर घातलेली झाडे पराग देत होती, तरी करप्याला बळी पडत होती. बियाणे कंपन्या पुन्हा तुरे खुडायला लागल्या.

यावरून लगेच ‘एक पेशीद्रव्य म्हणजे संकट’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरायला आपल्याकडची बाजरी पुरेशी आहे. जॉर्जियातल्या टिफ्टनची टिफ्ट-२३ए मादी वापरून १९६५ मध्ये एचबी-१ आला आणि पाठोपाठ त्याच मादीवरचे आणखी संकर आले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने ते झोपवले. टेक्सास ताजे होते, त्यामुळे बोट पेशीद्रव्याकडे गेले. तपासले तेव्हा दिसले की ए-१ पेशीद्रव्याचा रोगाशी संबंध नाही. टिफ्ट-२३च्या केंद्रकातच प्रतिकार नव्हता. ही तपासणी कोणालाही करता येते. ए आणि बी वाणांचे केंद्रक जवळपास एकच असते. दोन्ही शेजारी पेरा. दोन्ही सारखेच रोगट निघाले तर केंद्रकाकडे बघा, बी स्वच्छ राहून ए तेवढी बसली तर पेशीद्रव्याकडे. इतका साधा प्रयोग न करता दोष ठरवणारे अहवाल अजूनही वाचायला मिळतात, याचे नवल वाटते.

मग पर्यायी पेशीद्रव्ये आणण्याची घाई करावी का? आमचे मत: सरसकट नको, पण तयारी हवी. बाजरीत ए-४ आणि ए-५ ही पेशीद्रव्ये उपलब्ध आहेत. ए-१ वर अधूनमधून पराग देणारी कणसे निघतात, या दोन्हींवर वंध्यत्व जास्त पक्के राहते. अडचण अशी की त्यांना पराग परत देणारे आर वाण फार थोडे; ते घडवावे लागतात. ज्वारीत तर पर्याय आपल्या अंगणातलाच आहे. मालदांडीचे पेशीद्रव्य मिलोहून वेगळे आहे, पण मिलोवर छान चालणारे आर वाण त्याच्यावर सहसा चालत नाहीत. कांद्याला हे कारणही सांगता येत नाही. जोन्स यांना १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला सापडलेल्या एका वंध्य झाडापासून कांद्याचे संकर सुरू झाले. शेतकरी तिथे गड्डा काढतो, बी नाही, म्हणून आर वाणाची गरजच नाही. शिवाय कांद्याचे पेशीद्रव्य कोणते हे आता पानाच्या तुकड्यावरून प्रयोगशाळेत कळते. द्विवर्षायू पिकात चाचणी संकरांवर घालवायची कित्येक वर्षे त्यामुळे वाचतात.

प्लॉटवरच्या मंडळींसाठी एक गोष्ट तातडीची. मादीच्या ओळीत शेडर दिसला की तो भेसळ समजून उपटणे बरोबरच आहे, प्रमाणीकरणाचा नियमही तेच सांगतो. पण उपटण्याआधी नोंद करा. बी वाणाची मिसळ असेल तर झाडे सुरुवातीपासून पूर्ण पराग देतात. एखाद्याच फुटव्याचे किंवा कणसाच्या एका बाजूचेच परागकोश पिवळे भरलेले दिसले तर प्रकरण वेगळे असू शकते. कडक उन्हाळ्यात ज्वारीच्या काही मादी वाणांचे वंध्यत्व ढिले पडते. रब्बीत उलटे घडते: फुलोऱ्याआधी रात्री दहा अंशांच्या खाली गेल्या तर संकरातच पराग कमी पडतो, शेतकऱ्याच्या कणसात दाणे विरळ भरतात आणि तक्रार बियाण्याच्या शुद्धतेवर येते. परागाविना उघडी राहिलेली फुले अरगटला आमंत्रण देतात ते निराळेच.

तेव्हा मागणी लहान आहे. वंशावळीच्या कागदावर आणि वाण प्रसारणाच्या प्रस्तावात पेशीद्रव्याच्या स्रोताचा एक रकाना असावा, आणि ज्या बी वाणावर सर्वाधिक संकर चालतात त्याची ए जोडी दुसऱ्या एखाद्या पेशीद्रव्यावरही तयार असावी. सहा-सात पाठसंकरांचे काम आहे. ज्वारी-बाजरीत वर्षाला दोन-तीन पिके घेणाऱ्यांना ते अडीच-तीन वर्षांत उरकते. ज्यांनी ते आधीच केले आहे त्यांनी आपली निरीक्षणे आमच्याकडे पाठवावीत. विशेषतः थंडीत दाणे विरळ भरलेल्या रब्बी संकरांची, पेरणीच्या तारखा आणि रात्रीच्या तापमानाच्या नोंदींसह.