पाय थांबले, मी नाही!

धनत्रयोदशीची संध्याकाळ. एका हातात आकाशकंदील, दुसऱ्या हातात चिरंजीवांचा हात. दादर आले. लोकल थांबायला अजून अवकाश होता. पण मला कुठला धीर! “तू गाडी थांबल्यावर उतर,” असे मुलाला बजावून मी उडी टाकली आणि फलाटावर सपशेल पालथा पडलो. कंदिलाचा चुराडा झाला, गुडघे सोलवटले.

घरी सौभाग्यवती हळद लावीत असता चिरंजीवांनी विचारले, “बाबा, तुम्हांला मागून कोणी ढकलले?”

कोणीच नाही, हीच तर गंमत! न्यूटनने १६८७ साली सांगून ठेवले आहे, की बाहेरून बल लागल्यावाचून चालती वस्तू आपली गती सोडीत नाही. फलाटाने माझे पाय अडवले. उरलेला देह गाडीच्याच वेगाने पुढे निघाला. तो वेग ताशी अवघा १८ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सव्वा मीटर उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर जवळजवळ याच वेगाने आदळतो.

चिरंजीव विचारात पडले. मग हळूच म्हणाले, “मीही तुमच्यामागून उडी मारणार होतो.”

हळदीपेक्षा ते वाक्य अधिक झोंबले. तेव्हापासून गाडी पुरती थांबेपर्यंत मी त्याचा हात सोडीत नाही. की तोच माझा सोडीत नाही, कोण जाणे!