बदकाला तीन, माणसाला सात

आधी कबुली. ते एक्स्टेन्शन बसवलं तेव्हा मी तिथेच होतो. बंदूक माझ्या रूममेटची, पार्ट त्यानेच ऑनलाइन मागवलेला, हातही त्याचेच. पण मोबाइलवर व्हिडिओ थांबवत थांबवत पुढची स्टेप वाचून दाखवत होतो मी. डॅलसजवळच्या उपनगरातला आमचा भाड्याचा फ्लॅट, शनिवारची दुपार, डायनिंग टेबलावर अंथरलेली सोलापुरी चादर. अर्ध्या तासात काम झालं. आम्ही एकमेकांना टाळी दिली, एखादा चिवट बग सापडल्यावर देतो तशी.

हा लेख त्या टाळीच्या विरोधात आहे. म्हणजे आधी माझ्या स्वतःच्या, आणि मग माझ्यासारख्या त्या सगळ्या इंजिनिअर पोरांच्या, ज्यांना कुठल्याही वस्तूत 'अजून थोडं' बसवता येत असेल तर ते बसवल्याशिवाय चैन पडत नाही.

बंदूक तुम्ही फक्त बीजीएमआयमध्ये पाहिली असेल तर थोडक्यात सांगतो. पंप-अ‍ॅक्शन शॉटगनमध्ये मुख्य नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली. त्यांच्या पुढे एक छोटं डोकं, त्याला म्हणतात फॉलोअर, आणि त्याच्यामागे लांब स्प्रिंग. पुढचा दस्ता मागे ओढून पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंगने रेटलेलं नवं आत चढतं. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही. रेमिंग्टन ८७० हे या जातीचं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल १९५० मध्ये आलं आणि एक कोटीहून जास्त विकलं गेलं. खालच्या नळीत साधारण चार काडतुसं मावतात. एक्स्टेन्शन म्हणजे त्या नळीचं टोपण काढून तिथे जोडायचा नळीचा आणखी एक तुकडा, सोबत जास्त लांबीची स्प्रिंग. चाराची सहा होतात, आणि एक आधीच वरच्या नळीत चढवलेलं धरलं तर सात.

गेममध्ये एक्स्टेंडेड मॅग दिसलं की आपण उचलतो. कशासाठी, हा प्रश्नच पडत नाही. माझ्या रूममेटलाही पडला नाही, मलाही नाही.

आता यातली गंमत बघा. आम्ही दोघंही एच-१बी व्हिसावर. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक बाळगता येत नाही. पण काही अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे शिकारीचा परवाना. तुमच्याकडे कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर तुम्ही बंदूक घेऊ शकता. माझा रूममेट शाकाहारी घरातला. अंडं खायला लागला तेही इथे आल्यावर. त्याने पैसे भरले आणि कागदोपत्री शिकारी झाला.

बंदुकीच्या त्या खालच्या नळीत एक प्लग होता. प्लग म्हणजे साधी दांडी. ती आत असली की जागा व्यापते आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतात. ही दांडी का असते, हे मला नंतर कळलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पक्ष्यांची बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे होते, त्यातलं शेवटचं कबूतर, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा झाला. १९३५ मध्ये नियम आला की बदकं, हंस अशा पक्ष्यांवर चालवायच्या शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत, आणि प्लग असा हवा की बंदूक उघडल्याशिवाय तो निघणार नाही. हा नियम आजही आहे.

म्हणजे बदकावर बंदूक रोखणाऱ्याला देशाने सांगितलं, तीन बार घे, तेवढ्यात नाही जमलं तर उडू दे त्याला. माझ्या रूममेटने शिकारीच्या परवान्यावर बंदूक घेतली आणि सगळ्यात आधी शिकाऱ्याचा हा प्लग काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग नळी वाढवली. बदकाला तीन, माणसाला सात. यात बेकायदा काही नव्हतं.

रूममेटची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या आपल्यासारख्याच इंजिनिअरला एका बारमध्ये, तू या देशाचा नाहीस म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. भारतीयांच्या घरात सोनं असतं म्हणून चोर ती घरं हेरतात, अशा बातम्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, आणि त्यातल्या काही खऱ्याही असतात. रात्री पार्किंगमध्ये कुणी मोठ्याने बोललं की पोटात गोळा येतो, माझ्याही. पण बारमध्ये बसलेल्या श्रीनिवासला घरातल्या कपाटातली बंदूक वाचवू शकली नसती, मग तिच्यात तीन असोत की सात.

आपण ऑफिसात काय करतो? कुणी म्हणालं सर्व्हरची कपॅसिटी दुप्पट करा, तर आपला पहिला प्रश्न असतो, लोड किती आहे? आकडे दाखवा. इथे आम्ही दोघांनीही तो विचारला नाही. पाचवं, सहावं, सातवं काडतूस नेमकं कुणासाठी आहे? आमच्या फ्लॅटमध्ये असा कुठला प्रसंग येणार होता, ज्यात चार बार पुरले नसते आणि सहा पुरले असते? उत्तर आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे पार्ट होता आणि शनिवार होता.

बरं, निदान यंत्र तरी सुधारलं का? पुढच्या आठवड्यात तो रेंजवर गेला. सात भरली. तीन बार झाले आणि बंदूक गप्प. मूळ नळी आणि नवा तुकडा जिथे जुळतात त्या सांध्यावर फॉलोअर अडकला होता. ही अशा पार्टची नेहमीची तक्रार आहे. हिशेब मांडून पाहा. वरचं एक आणि नव्या तुकड्याच्या जागेपुरती दोन, एवढीच सुटली. मूळ नळीतली चार आतच राहिली, कारण त्यांना रेटणारं कुणी उरलं नाही. दोन जास्त मिळवायच्या नादात चार गेली. प्रत्येक नवा सांधा ही बिघडायची नवी जागा असते, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान आम्ही पैसे मोजून पुन्हा मिळवलं.

आणि चालली असती तर? घरासाठी म्हणून जे काडतूस विकलं जातं, त्यात साधारण आठ-नऊ छर्रे असतात, प्रत्येक आठ मिलिमीटरहून जाड. साताचे झाले साठेक. इथल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात, जिप्समच्या पातळ पाट्या असतात. छर्रे त्यातून आरपार जातात. आमच्या हॉलच्या भिंतीपलीकडे एक दोन वर्षांचं मूल झोपतं. त्याचं रडणं आम्हाला रोज ऐकू येतं. मोजलेल्या प्रत्येक जादा काडतुसाबरोबर त्या मुलाचाही विचार करायला हवा होता.

खरं तर अशा घटनांमध्ये आकडा किती लहान असतो ते बघा. नोव्हेंबर २०१३, मिशिगनमधलं डिअरबॉर्न हाइट्स. काही तासांपूर्वी गाडी धडकलेली एक १९ वर्षांची मुलगी पहाटेच्या अंधारात एका अनोळखी घराचं दार वाजवत होती. आतल्या माणसाने पंप-अ‍ॅक्शन शॉटगन घेतली आणि जाळीच्या दारातून गोळी झाडली. एकच. पुढच्या वर्षी तो खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. त्या माणसाला काडतुसं कमी पडली नव्हती.

आता नेहमीचे आक्षेप. 'एकापेक्षा जास्त चोर आले तर?' या वाक्यातला चोर नेहमी काल्पनिक असतो आणि त्याची संख्या तुमच्या नळीच्या लांबीबरोबर वाढत जाते. 'छंद आहे, तुझं काय जातं?' छंदाला माझी ना नाही. नेमबाजीच्या काही स्पर्धांमध्ये लांब नळी लागते, टेक्ससच्या शेतात रानडुकरांचे कळप घुसतात तिथे शेतकऱ्याला ती उपयोगी पडू शकते. त्यांना त्यांचा लोड माहीत आहे. 'कायदा परवानगी देतो.' देतो. पण पुण्यात बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावणाऱ्या पोराला आपण फक्त कायदा विचारत नाही, 'कशाला रे बाबा?' असंही विचारतो. इथे मात्र तो प्रश्न आपण गिळतो, कारण समोरची वस्तू जास्त भारी दिसते.

बंदूक दिसली की शहारणाऱ्यांतला मी नाही. आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. भातात डुकरं शिरली की एक बार. मग दारू भरा, छर्रे भरा, गजाने ठासा. निवडणूक आली की आजोबा ती चौकीत जमा करून पावती आणायचे. त्या बंदुकीनेही कोकणात अपघात झालेत, तिची मला आरती ओवाळायची नाही. पण आजोबांना ती कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता यायचं.

गेल्या हिवाळ्यात रूममेटची नोकरी गेली. एच-१बीवर नोकरी गेली की नवा एम्प्लॉयर शोधायला साठ दिवस मिळतात. तो रात्रभर जागा असायचा, लिंक्डइन उघडं, जेवण तसंच. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे मी तोवर कुठेतरी वाचलं होतं. मी माझ्या खोलीत पडून भिंतीपलीकडचं कपाट उघडल्याचा आवाज येतोय का ते ऐकत होतो. चोराचा विचार एकदाही आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी सरळ विचारलं, 'बरा आहेस ना? ती वस्तू घरातून काढूया का?' तो आधी चिडला. मग बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'तू ठेव.' पण माझ्याकडे शिकारीचा परवाना नाही, मला कायद्याने ठेवताही येईना.

शेवटी दोघं मिळून दुकानात गेलो आणि ती विकली. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने बंदूक हातात घेऊन नळी पाहिली. म्हणाला, एक्स्टेन्शनचे वेगळे पैसे मिळणार नाहीत.

पन्नासाव्या दिवशी त्याला नोकरी लागली. तुमच्या ओळखीत कुणी असा पार्ट मागवत असेल तर व्हिडिओ वाचून दाखवू नका. लोड किती आहे ते विचारा. आणि तो स्वतः कसा आहे, हेही. आमच्या ड्रॉवरमध्ये चहाच्या गाळण्याशेजारी तो प्लग अजून पडून आहे.