जा, पण सांगून जा!

तात्पुरत्या जागेवरील शिक्षकास अधिक चांगली नोकरी मिळाली, तर ती त्याने अवश्य पत्करावी. त्यात कृतघ्नता कसली? परंतु सकाळी वर्ग भरावा आणि गुरुजींची खुर्ची रिकामी दिसावी, हे शोभत नाही. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवानियमांनी अशा शिक्षकास एका महिन्याची पूर्वसूचना, अथवा त्याऐवजी महिन्याचे वेतन, हे बंधन घातले आहे. आणि त्यास काढणाऱ्या चालकांवरही तेच! न्याय दोहों बाजूंनी सारखा आहे. मात्र राजीनामा हाती पडताच माणसास दाराबाहेर काढणाऱ्या संस्था गुपचूप निघून जाण्याचाच धडा देतात. मुलांचे नुकसान टाळावयाचे असेल, तर आधी सांगणाऱ्यास शिक्षा नव्हे, सन्मानाने निरोप मिळाला पाहिजे.