कंदुरी बंद करायची घाई कुणाला झाली आहे?

उरसाचे दिवस जवळ आले की आमच्या मोडनिंबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. कंदुरी करणं शिर्क आहे, तिथं जाऊन जेवणं बिदअत आहे, आपल्या घरच्यांना समजवा, दहा जणांना पाठवा. पाठवणारी मुलं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी सोलापुरात डिप्लोमा करतंय. त्याच आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवर, म्हणजे माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गमित्रांच्या, दुसरा मेसेज असतो. हलाल मटण खाऊ नका, त्यांच्या पंगतीला जाऊ नका. हाही दहा जणांना पाठवायचा असतो.

दोन्ही मेसेज एकाच पातेल्यावर झाकण ठेवायला निघालेत. पहिला मेसेज पाठवणाऱ्यांशी मला बोलायचं आहे, कारण ती माझी माणसं आहेत.

मोडनिंब म्हणजे माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव. पंढरपूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गल्लोगल्ली माळकरी. इथं नवस फेडायचा, पोरगं दुखण्यातून उठलं, विहिरीला पाणी लागलं, की बोकड घेऊन दर्ग्याच्या आवारात जायचं. मुलाणी बिस्मिल्लाह म्हणून हलाल करतो. तीन दगडांच्या चुली पेटतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीच्या भाकऱ्या, मोठ्या पातेल्यात भात. फातिहा होते, मलिदा वाटला जातो आणि पंगत बसते. माळकऱ्यांसाठी लांबच्या चुलीवर शेंगदाण्याची आमटी वेगळी, तिचा डावही वेगळा. हे दादीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि नवस बोलणाऱ्यांत आपल्याइतकीच, काही वेळा आपल्यापेक्षा जास्त, मराठा आणि धनगर घरं असतात.

आता शब्दाकडे बघा. कंदुरी हा मूळ फारसी शब्द, अर्थ जेवायला अंथरायचं कापड किंवा चामडं. म्हणजे दस्तरख्वानच. दख्खनच्या जाफर शरीफ यांनी मुसलमानांच्या रीतिरिवाजांवर लिहिलेलं ‘कानून-ए-इस्लाम’ १८३२ साली लंडनला इंग्रजीत छापून आलं, त्यातही कंदुरी आहे. तमिळनाडूत नागूरच्या दर्ग्याच्या उरसालाच कंदुरी म्हणतात. तिथून पुढे समुद्र ओलांडला की मलय मुलूख आणि जावा. तिथं शब्द होतो ‘केंदुरी’.

माझ्या टीममध्ये जावा बेटावरचा एक सहकारी आहे. एकदा कामाच्या कॉलवर सुट्टीचं कारण सांगताना त्याच्या तोंडून हा शब्द आला आणि मी त्याला थांबवलं. मग अर्धा तास कोडचं काम बाजूला राहिलं. त्यांच्याकडे बोकड असेलच असं नाही. केळीचं पान अंथरलेल्या मोठ्या परातीत भाताचा ढीग, भोवती कोंबडी, परतलेल्या शेवया, तेम्पे, भाजलेल्या खोबऱ्याचा कीस. याला ‘नासी अंबेंग’ म्हणतात. एका परातीभोवती चार-पाच जण मांडी घालून बसतात. गावचा मोदिन अरबीत दुआ म्हणतो, सगळे आमीन म्हणतात, थोडं खातात आणि उरलेलं पानात बांधून घरी बायकापोरांना नेतात. त्या पुडक्याला म्हणतात ‘बर्कत’. आपलीच बरकत, पण तिथं ती हातात धरता येते. आपल्याकडे परात एक नसते, पातेलं एक असतं. फरक एवढाच.

त्यांच्याकडेही हाच वाद झाला आणि तो आपल्यापेक्षा फार जुना आहे. १९१२ साली योग्यकर्त्यात अहमद दहलान यांनी ‘मुहम्मदिया’ ही सुधारक संघटना काढली. तिने अशा जेवणांना धर्मात घुसलेली भर म्हटलं. १९२६ साली सुराबायात ‘नहदतुल उलमा’ उभी राहिली, तिने या परंपरेची बाजू घेतली. दोन्ही संघटनांमागे आज कोट्यवधी माणसं आहेत, दोघींच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत. शंभर वर्षं वाद चालू आहे. पण शेजाऱ्याच्या केंदुरीला जाऊन बसणारे मुहम्मदियावाले पुष्कळ आहेत. मत वेगळं असलं म्हणून शेजाऱ्याच्या ओसरीवरून उठून जावं लागत नाही, हे त्यांनी शिकून घेतलं. तिथं मुसलमान बहुसंख्य आहेत, चूल मोडली तरी त्यांचं फार बिघडणार नाही. आपण मात्र दोन मिनिटांत फॉरवर्ड करून मोकळे होतो.

शिर्कचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पिराकडे मुलगा मागणं मलाही पटत नाही. मागायचं ते अल्लाहकडे, यावर माझा आणि तुमचा वाद नाही. मग नियत दुरुस्त करा ना. बोकड आजही अल्लाहच्या नावानेच कापला जातो, दर्ग्यातल्या बुजुर्गाच्या नावाने नाही. दुआ अल्लाहकडे करा, सवाब मयताच्या नावे बख्शा, तेही पटत नसेल तर फक्त शुकराना म्हणून करा. खाणं आणि खाऊ घालणं, त्यातही भुकेल्याला, हे कुठल्या मसलकमध्ये हराम आहे? प्रोग्रॅममध्ये एका ओळीत दोष सापडला तर आम्ही ती ओळ बदलतो. अख्खा सर्व्हर जाळत नाही.

दुसरे आहेत माझे सुधारणावादी मित्र. त्यांचं म्हणणं, कंदुरीचा पैसा पोरींच्या शिक्षणाला द्या. ऐकायला बरं वाटतं. कर्ज काढून कंदुरी करू नये, हे मान्यच. पण हे मित्र साखरपुड्याला एसी हॉल घेतात, ड्रोनवाला बोलावतात, पहिल्या वाढदिवसाला तीन मजली केक कापतात. तेव्हा त्यांना पोरींचं शिक्षण आठवत नाही. कंदुरीत गरिबाचा पैसा दिसतो, म्हणून हिशेब गरिबालाच विचारला जातो. शिवाय कंदुरीच्या दिवशी ऊसतोड करणारा माणूस यजमान असतो. एरवी वर्षभर कुणाकडून तरी घेणारा तो, त्या दिवशी बागायतदाराला म्हणतो, ‘अण्णा, बसा, अजून एक भाकरी घ्या.’ हॉलमधल्या बुफेत ही ओळ कोण कुणाला म्हणणार?

आता तो दुसऱ्या ग्रुपवरचा मेसेज. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी घालायचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात मंत्री नितेश राणे यांनी ‘मल्हार सर्टिफिकेशन’ आणलं. झटका मटण, दुकान चालवणारा हिंदूच. ज्या मल्हारीला आपल्याकडचे मुसलमान भक्त मल्लूखान म्हणत आले, त्याचंच नाव शोधलं, याला काय म्हणावं. या सगळ्याला खरा अडथळा कुठला? फेसबुकवरचे आपले निषेध नव्हेत. अडथळा आहे तो मुलाण्याला वर्दी द्यायला येणारा मराठा शेतकरी. गावगाड्याच्या जुन्या याद्यांत मुलाण्याचं नाव आहे ते या कामासाठी. तो एकट्या मुसलमानांचा कधीच नव्हता, अख्ख्या गावाचा होता. त्या शेतकऱ्याला ‘तिकडे जाऊ नको’ सांगणारे एका बाजूला आहेत आणि ‘इकडे येऊ नको, आमच्यात हे बसत नाही’ सांगणारे तुम्ही दुसऱ्या बाजूला. तो बिचारा बोकड घेऊन उभा आहे रस्त्यात.

मात्र कंदुरीचं सोनं करूनही चालणार नाही. गावातले म्हातारे सांगतात, पूर्वी काही घरं शिजलेलं खात नसत, कच्चा वाटा घरी नेत. आणि पंगतीतही कोण कुठं बसतं ते ठरलेलं असे. हे गोडवे गाणारे विसरतात. बायकांचं तर आजही तेच आहे. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या त्यांनी आणि त्यांच्या ताटात शेवटी रस्सा येतो तेव्हा मटण संपलेलं. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली जावाच्या धर्मजीवनावर पुस्तक लिहिलं, त्यातही ओसरीवर पुरुष आणि स्वयंपाकघरात बायका हेच चित्र आहे. तिथं निदान पुडकं तरी घरी येतं. ज्यांना कंदुरीत सुधारणा करायची खुमखुमी आहे त्यांनी इथं करावी. पहिली पंगत बायकांची बसवून दाखवा. वाढायला तुम्ही उभे राहा. बघू किती जणांचा जोश टिकतो.

दोस्तांनो, तुम्हाला कंदुरीला यायचं नसेल तर येऊ नका, तुमच्या ईमानाचा प्रश्न आहे, कुणी जबरदस्ती करणार नाही. पण जाणाऱ्याला मुश्रिक म्हणणं बंद करा. आपल्या गावात मुलाण्याचं काम करणारे चाचा थकलेत. मुलगा शहरात रिक्षा चालवतो, त्याला हे काम नको आहे. त्यांच्यानंतर सुरी कोण धरणार, यावर ग्रुपवर एकदाही बोलणं झालेलं नाही. बोकड एकाचाच, पण बाकीचा खर्च पाच-सात घरांनी वर्गणीत वाटून घेतला तर कर्जाचाही प्रश्न मिटतो. यंदाच्या उरसासाठी अशी वर्गणी माझ्याकडे जमा होते आहे. माळकऱ्यांच्या चुलीसाठी शेंगदाणे आणि नवा डाव आणायचा आहे. भाकऱ्या थापायला चार मुलगे हवेत. येत नसतील तर आदल्या रविवारी आमच्या घरी या, अम्मी शिकवेल.