भीतीचे चित्र आणि कुरखेड्याचे वास्तव

कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी नक्षलवाद्यांनी घडविलेल्या भूसुरुंग स्फोटात पोलिस दलाचे १५ जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. मृतांची गणना झाली. आप्तांच्या, सहकाऱ्यांच्या मनावरील आघात मोजायचा कसा? मेंदूच्या चित्रणातून उत्तर मिळेल, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी त्याच्या मर्यादा ओळखायला हव्यात.

'फंक्शनल एमआरआय' रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे, एवढेच सुचविते. चेतापेशींमधील रासायनिक संदेशवाहक त्यात दिसत नाहीत. डोपामाइन, सेरोटोनिन यांचा मागोवा 'पेट' स्कॅनमध्ये किरणोत्सारी द्रव्याच्या साह्याने घेता येतो. आघातोत्तर मानसिक विकारात भीतीशी निगडित 'अमिग्डाला' अतिसक्रिय, तर तिला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मंद असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र हे निष्कर्ष रुग्णगटांच्या सरासरीचे आहेत. एका व्यक्तीचे निदान आजही तिच्याशी बोलूनच होते. त्यामुळे स्कॅन निर्दोष आला म्हणून कोणाची तक्रार खोटी ठरविता येणार नाही.

या जंगलपट्ट्याची खरी निकड यंत्राची नसून गोंडी जाणणाऱ्या समुपदेशकांची आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' दूरध्वनी सेवेचा उपयोगही भाषेचा हा प्रश्न सुटला तरच होईल.