तिसरा पक्ष हवा, पण प्रतिनिधीगृहात

गॅलपच्या २०२३च्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांनी सांगितले की, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे दोघे मिळून जनतेचे प्रतिनिधित्व इतके वाईट करतात की तिसरा मोठा पक्ष हवाच. वर्षभराने अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ९८ टक्के मते याच दोघांच्या पदरात पडली आणि प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांपैकी एकही तिसऱ्या कोणाला मिळाली नाही. या विसंगतीवर दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, लोक तोंडाने काहीही बोलोत, द्विपक्ष पद्धतच त्यांना मानवते आणि देशालाही तीच परवडते. दुसरे म्हणते, एखादा खमक्या नेता अध्यक्षपदासाठी उभा राहू द्या, मग पाहा. पहिल्या उत्तरात अमेरिकेचा इतिहास सोयीने वाचलेला आहे, दुसऱ्यात तो वाचलेलाच नाही.

तिसऱ्या पक्षाच्या विरोधकांचे आवडते हत्यार म्हणजे फ्लोरिडा. २००० साली जॉर्ज बुश यांनी ते राज्य ५३७ मतांनी जिंकले आणि त्यासरशी अध्यक्षपदही. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मते पडली होती. हिशेब सोपा, आरोपी हजर. पण त्याच मतपत्रिकेवर सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे जेम्स हॅरिस हेही होते. हे नाव फ्लोरिडात तरी किती जणांनी ऐकले असेल? त्यांना ५६२ मते मिळाली, म्हणजे बुश यांच्या आघाडीपेक्षा पंचवीस जास्तच. मग डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना हॅरिस यांनी पाडले असे म्हणायचे का? इतक्या निसटत्या निकालाला पाम बीच काउंटीच्या गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिकेपासून पावसापर्यंत कोणतेही कारण चिकटवता येते.

दुसरा दाखला १९९२चा. टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांनी स्वतःच्या पैशाने टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाचा वेळ विकत घेतला आणि हातात काठी घेऊन, आलेखांचे फलक मांडून, देशाची वित्तीय तूट शाळामास्तरासारखी समजावून सांगितली. लोकांनी ती बसून पाहिली. पेरोंना १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लाख मते मिळाली. थोरल्या बुश यांचा पराभव त्यांच्यामुळेच झाला, ही समजूत रिपब्लिकन गोटात आजही पक्की आहे. प्रत्यक्षात मतदान करून बाहेर पडलेल्या पेरो समर्थकांना विचारले गेले, तेव्हा पेरो नसते तर बुश यांना मत दिले असते म्हणणारे ३८ टक्के निघाले आणि विजयी डेमोक्रॅट उमेदवार क्लिंटन यांना दिले असते म्हणणारेही ३८ टक्केच.

आक्षेपात काहीच तथ्य नाही असे मात्र नाही. मेन राज्यात २०१० साली पॉल लपाज हे जेमतेम ३८ टक्के मतांवर गव्हर्नर झाले, कारण उरलेली मते अपक्ष आणि डेमोक्रॅट उमेदवारांत वाटली गेली. त्यावर मेनच्या मतदारांनी तिसऱ्या उमेदवाराला हाकलले नाही, त्यांनी मोजणीची पद्धत बदलली. २०१६ साली सार्वमताने पसंतीक्रमाचे मतदान आले. राज्यसभेच्या वा विधान परिषदेच्या निवडणुकीत आपले आमदार मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहितात, साधारण तशीच ही रीत, फक्त ती तिथे सामान्य मतदाराच्या हाती आली. २०१८ साली मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या पसंतीची मते रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन यांना अधिक होती. दोन अपक्ष बाद होऊन त्यांची पुढची पसंती मोजली गेली आणि डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन निवडून आले. मत फुटण्याच्या रोगावर औषध आहे, ते वापरलेही गेले आहे. तरीही रोगाचे भय दाखवून तिसऱ्याला दाराबाहेर ठेवायचे, याला युक्तिवाद म्हणणे कठीण आहे.

अस्थिरतेची भीती तर याहून पोकळ. तिसरा पक्ष आला की इटलीसारखी सरकारे कोसळतील, असे सांगितले जाते. पण अमेरिकेचा अध्यक्ष प्रतिनिधीगृहाच्या बहुमतावर उभा नसतो. त्याची चार वर्षे ठरलेली आहेत. राहता राहिले सभागृह. तिथे दोनच पक्ष असताना काय झाले? जानेवारी २०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थी यांना स्पीकर होण्यासाठी मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच पक्षाच्या आठ सदस्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांत आपली मते मिळवून त्यांना २१६ विरुद्ध २१० असे खाली खेचले. पुढचे तीन आठवडे सभागृहाला स्पीकरच नव्हता. २०२५ साली अर्थसंकल्पीय तरतुदींच्या भांडणात सरकारी कारभार ४३ दिवस ठप्प राहिला. आणि ते आठ जण म्हणजे तरी कोण? त्या दिवसापुरता एक तिसरा पक्षच. फरक एवढाच की त्या नावाने ते मतदारांपुढे गेले नव्हते, त्यामुळे त्या नावाने जाबही द्यावा लागला नाही.

‘दोन्ही पक्ष मुळात मोठ्या छत्र्या आहेत, सगळ्या विचारांना आत जागा आहे, खरी निवड प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, होते,’ असेही समर्थन केले जाते. त्यासाठी डेट्रॉइटकडे पाहावे. मराठी वाचकांना ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे परिचित असलेले बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ साली तिथून प्रतिनिधीगृहात गेले. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर ती जिंकले आणि नोव्हेंबरात ७० टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले, कारण तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. यात उमेदवाराचा दोष काहीच नाही, त्यांनी नियमाप्रमाणे लढून जागा मिळवली. पण ऑगस्टच्या उन्हाळ्यात मोजके लोक मतदानाला जातात आणि त्यांतल्या पंचवीस-तीस टक्क्यांनी निवडलेला माणूस नोव्हेंबरात अपरिहार्य होतो. अमेरिकेतील बहुसंख्य मतदारसंघांत या ना त्या पक्षाचे असेच चालते. तिथे दोन पक्षही खऱ्या अर्थाने नसतात, एकच असतो.

आता दुसऱ्या बाजूचे भाबडेपण. पेरोंच्या १ कोटी ९७ लाख मतांना निर्वाचक मंडळात किती मते मिळाली? शून्य. अध्यक्ष निवडणाऱ्या या मंडळात जवळपास प्रत्येक राज्याची सगळी मते तिथे पहिल्या आलेल्यालाच जातात, त्यामुळे देशभर समान पसरलेला पाठिंबा मातीमोल ठरतो. उलट १९६८ साली वंशविभाजनाचे कैवारी जॉर्ज वॉलेस यांनी १३.५ टक्के मतांवर दक्षिणेची पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मते खेचली, कारण त्यांचा मतदार एका पट्ट्यात दाटलेला होता. कोणालाच बहुमत मिळू द्यायचे नाही आणि मग सौदा करायचा, हा त्यांचा उघड बेत होता. तिसरा म्हणजे सज्जनच असतो, हा समज असलेल्यांनी वॉलेस आठवावेत.

समजा, तिसऱ्याने कोणालाही २७० निर्वाचक मतांपर्यंत पोहोचू दिले नाही. मग बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे अध्यक्ष प्रतिनिधीगृह निवडते आणि तेही एका राज्याला एक मत या हिशेबाने. सहा लाखही वस्ती नसलेले वायोमिंग आणि सुमारे चार कोटींचे कॅलिफोर्निया तिथे बरोबरीचे. १८२४ साली अँड्र्यू जॅक्सन यांना जनतेची आणि निर्वाचकांचीही मते सर्वाधिक होती, तरी प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना अध्यक्ष केले. पुढची चार वर्षे देशाने ‘भ्रष्ट सौदा’ हीच हाकाटी ऐकली. थोडक्यात, अध्यक्षपदापासून सुरुवात करणारा तिसरा पक्ष अपयशी ठरला तर वाया जातो आणि अर्धवट यशस्वी ठरला तर संकट उभे करतो.

गंमत म्हणजे योग्य गणित इलॉन मस्क यांनी मांडले होते. जुलै २०२५ मध्ये ‘अमेरिका पार्टी’ची घोषणा करताना त्यांनी सिनेटच्या दोन-तीन आणि प्रतिनिधीगृहाच्या आठ-दहा जागांवर लक्ष केंद्रित करण्याची भाषा केली. २०२४च्या निवडणुकीने रिपब्लिकनांना २२० आणि डेमोक्रॅटांना २१५ जागा दिल्या होत्या. अशा सभागृहात दहा जणांच्या हाती प्रत्येक विधेयकाची किल्ली येते. आपल्याकडे युत्या-आघाड्यांच्या राजकारणात वाढलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. मस्क यांची घोषणा पुढे पक्षाच्या रूपात उभी राहिली नाही, ही गोष्ट वेगळी. गणित चुकले नव्हते.

आणि असे पक्ष अमेरिकेत रुजू शकतात, याला इतिहासाची साक्ष आहे. १८९२च्या जुलैत कर्जाने आणि रेल्वेच्या भाड्याने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने नेब्रास्कातील ओमाहा शहरात आपला जाहीरनामा मांडला. चढत्या दराचा प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट जनतेतून निवड या त्यातल्या मागण्या तेव्हा माथेफिरूपणाच्या ठरल्या. त्यांच्या अध्यक्षीय उमेदवाराला साडेआठ टक्के मते पडली. पण कॅन्ससमध्ये त्यांचा गव्हर्नर झाला, काँग्रेसमध्ये त्यांचे सदस्य बसले. १९१३ साली सोळावी आणि सतरावी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हा या दोन्ही मागण्या राज्यघटनेत गेल्या होत्या. पक्ष तोवर संपला होता.

त्याच ओमाहात केलॉगच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करणारे आणि २०२१च्या संपाचे पुढारपण केलेले डॅन ऑसबर्न २०२४ साली सिनेटसाठी अपक्ष उभे राहिले. डेमोक्रॅटांनी तिथे उमेदवारच दिला नाही. त्यांच्या अध्यक्षीय उमेदवार कमला हॅरिस यांनी नेब्रास्का २० टक्क्यांच्या फरकाने गमावले. ऑसबर्न मात्र ४६ टक्क्यांहून अधिक मते घेऊन सुमारे सात टक्क्यांनी हरले. जिथे दोनपैकी एक पक्ष नावापुरताच उरला आहे, तिथे तिसरा मते फोडत नाही, तो विरोधी पक्षाची रिकामी जागा भरतो.

तरीही केवळ अशा तुरळक फटींवर बलवान पक्ष उभा राहणार नाही. पसंतीक्रमानेही नाही, ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात तो शतकभर असूनही दोन गटांचेच वर्चस्व राहिले. खरी अडचण एका मतदारसंघातून एकच सदस्य निवडण्यात आहे. अमेरिकेलाही दुसरी रीत अनोळखी नाही. इलिनॉय राज्यात १८७० ते १९८० प्रत्येक मतदारसंघातून तीन आमदार निवडले जात. मतदाराला तीन मते असत आणि ती तिन्ही एकालाच देता येत. परिणामी शिकागोतून रिपब्लिकन आणि रिपब्लिकन उपनगरांतून डेमोक्रॅट निवडून येत. ओरेगनमधील पोर्टलंडने २०२४ साली महापालिकेसाठी तीन-तीन जागांचे विभाग आणि पसंतीक्रम एकत्र आणले. पुण्या-नाशिकच्या बहुसदस्यीय प्रभागांशी याची गल्लत नको, तिथे प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. पाच जागांचा मतदारसंघ आणि पसंतीक्रमाने हस्तांतरित होणारे मत असेल, तर जिंकायला सुमारे १७ टक्के मते पुरतात. पेरोंकडे जवळपास १९ होती.

यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. प्रतिनिधीगृहासाठी एकसदस्यीय मतदारसंघांची सक्ती १९६७ च्या एका साध्या कायद्याने केलेली आहे. ती बदलून बहुसदस्यीय मतदारसंघ आणणारे विधेयक व्हर्जिनियाचे डॉन बायर यांनी २०१७ साली प्रथम मांडले आणि नंतरही पुन्हा मांडले. सभागृहात त्यावर अद्याप मतदान झालेले नाही. तिसऱ्या पक्षासाठी थैल्या सोडायला निघालेल्या अमेरिकन धनिकांनी पुढचा अध्यक्षीय उमेदवार शोधणे थांबवावे आणि आपापल्या प्रतिनिधीला एवढेच विचारावे की, या विधेयकावर तो सही करणार की नाही.