भाषांतर झाले, मोजमापाचे काय?

गुडघा प्रत्यारोपण यशस्वी झाले की नाही, हे कोणी ठरवायचे? क्ष-किरण चित्रात कृत्रिम सांधा जागच्या जागी बसलेला दिसतो आणि नोंदीत ‘यशस्वी’ असे लिहिले जाते. पण जिना उतरताना रुग्णाला काय होते, वेदनेने रात्री झोपमोड होते का, हे त्या चित्रात उमटत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे १९ टक्के रुग्ण आपल्या नव्या गुडघ्याबद्दल समाधानी नव्हते. हे असमाधान विचारल्याशिवाय कळले नसते.

तरीही ‘प्रश्नावलीची अरबी आवृत्ती तपासली’ अशा मथळ्याचा शोधनिबंध दिसला की विज्ञानाचे विद्यार्थी तो बाजूला सारतात. यात संशोधन ते काय, दोन दुभाषे बसवले की काम झाले, असा समज असतो. भाषा बदलली म्हणून गुडघा थोडाच बदलतो, असा युक्तिवादही केला जातो. तो फसवा आहे. गुडघा बदलत नाही हे खरे. पण येथे मोजला जातो तो त्या गुडघ्यासह जगण्याचा अनुभव, आणि तो भाषेतूनच हाती येतो.

‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’चे उदाहरण घ्यावे. इंग्लंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत १२ प्रश्न आहेत. आज रूढ असलेल्या पद्धतीत प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. त्यातला एक प्रश्न असा, की गुडघे टेकून पुन्हा उठता येते का? इंग्लंडमधल्या आजीबाईंना यावर बागेतले वाफे आठवतील. कैरो किंवा रियाधमधल्या आजींना नमाज आठवेल. दिवसाच्या ५ अनिवार्य नमाजांत मिळून १७ रकाती, आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे. गुडघा साथ देत नसेल तर खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा आहे. आता अशा रुग्णाने ‘नाही’ असे उत्तर दिले, तर त्याचा अर्थ काय? गुडघा वाकत नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे, की नवा सांधा निखळेल अशी भीती वाटते? कारणे तीन, गुण मात्र एकच.

दुसरी अडचण भाषेच्या आतली आहे. लेखी अरबी आणि घरात बोलली जाणारी अरबी यांत मोठे अंतर आहे; मोरोक्कोची बोली इराकी माणसाला सहज उमगत नाही. प्रश्नावली बहुधा प्रमाण अरबीत छापली जाते. शिक्षण कमी असलेल्या वृद्धेला ती परिचारिका वाचून दाखवते, आणि वाचताना नकळत बोलीत उलथते. म्हणजे कागदावर तपासलेले उपकरण एक आणि प्रत्यक्षात वापरलेले दुसरे. शिवाय ‘कसे आहे?’ या प्रश्नाला ‘अल्हम्दुलिल्लाह’ हे उत्तर शिष्टाचाराचे असते. त्यातून वेदना किती, हे कळत नाही.

या साऱ्यावर अनेक शोधनिबंधांचे उत्तर एकच असते : क्रोनबाखचा अल्फा ०.९ आला, सबब आवृत्ती विश्वसनीय. ही पळवाट आहे. अल्फा एवढेच सांगतो, की उत्तरे परस्परांशी मिळतीजुळती आहेत. सर्व प्रश्नांना रुग्णाने सारख्याच भिडेने गोड उत्तरे दिली, तरी अल्फा उत्तमच येईल. शून्याची खूण सरकलेला तराजू दर वेळी तेच चुकीचे वजन दाखवतो, तसेच हे.

पुनर्चाचणीची विश्वसनीयता ०.९ असली, तरी हिशेब करून पाहावा. समजा, रुग्णांच्या गुणांचे प्रमाण विचलन १० आहे. मग मोजमापातील प्रमाण त्रुटी १० गुणिले √०.१, म्हणजे सुमारे ३.२ गुण. एका रुग्णात खरोखर बदल झाला असे ९५ टक्के खात्रीने म्हणण्यासाठी सुमारे ९ गुणांचा फरक हवा. ४८ पैकी ९! मोठ्या समूहाच्या सरासरीला हे चालेल. एका आजींचा गुडघा सुधारला की नाही हे सांगायला नाही.

हा प्रश्न अरबस्तानापुरता नाही. पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’ने ‘वोमॅक’ या प्रश्नावलीत भारतीय राहणीला अनुसरून बदल केले, कारण उकिडवे बसणे आणि मांडी घालणे इथल्या आयुष्यातून वजा करता येत नाही. मराठीतही छापील ‘ताठरता’ आणि बोलीतले ‘गुडघा आखडतो’ एकच आहेत, हे गृहीत न धरता रुग्णाला विचारूनच ठरवावे लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. किंमत रुपयांत मोजता येते. त्या रुपयांनी रुग्णाला काय मिळाले हे मोजायला त्याच्या बोलीत पारखलेला प्रश्न लागतो.

म्हणून अशा निबंधांना नाके मुरडण्याऐवजी त्यांना कठोर प्रश्न विचारावेत. प्रश्नाचा अर्थ काय समजला, हे रुग्णांना विचारले का? काही दिवसांनी तेच उत्तर पुन्हा मिळाले का? शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा फरक या मापाने टिपला का? तिन्हींची उत्तरे नसतील, तर ते केवळ भाषांतर आहे. त्याला मोजमाप म्हणू नये.